मामंजींची रंगाची पेटी

माझं शुद्धलेखन चांगलं नाही. कुठली वेलांटी, कुठला उकार हे मला चौथीतही कळत नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षर त्याहून वाईट. दुष्काळात खडी फोडताना शेजारच्या बाईची हातोडी माझ्या उजव्या अंगठ्यावर बसली, तेव्हापासून पेन नीट धरता येत नाही. ओळ आपोआप वर चढत जाते. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण चुकून कुणाच्या हाती लागलंच, तर त्यानं चुकांची माफी द्यावी आणि जमलं तर शेवटपर्यंत वाचावं. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना स्वतःचं कधी सांगता आलं नाही.

ते माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायची.

आम्ही नगरजवळच्या भिंगारला राहत होतो. दोन खोल्या, मागं न्हाणी. माझे मालक लष्कराच्या छावणीतल्या मेसमध्ये भांड्यांवर होते. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेल्या. मामंजी बाहेरच्या खोलीत बाजेवर असायचे आणि त्या बाजेखाली त्यांची पत्र्याची पेटी. झाडताना मी पेटी सरकवली की ते डोळे मिटलेले असले तरी हात खाली सोडून ती परत जागेवर ओढून घ्यायचे.

मामंजी एके काळी सिनेमात होते. सिनेमा बोलत नव्हता तेव्हाच्या. तरणेपणी रंगानं गोरे, अंगानं नाजूक, म्हणून त्यांना बाईचं काम मिळायचं. राणीच्या मागं चवरी ढाळणारी दासी, कुणाची बहीण, आणि एकदा धाकटी राणी. पुढं खऱ्या बाया सिनेमात आल्या तसे हे ऋषी, भिकारी, भूत असली कामं करायला लागले, आणि ती करता करता दुसऱ्यांची तोंडं रंगवायला शिकले. मग सिनेमा बोलायला लागला. मामंजी जन्मापासून तोतरे. पडद्यावर मुकं असताना ते कुणाला कळण्याचं कारणच नव्हतं. त्यांना चार शब्द म्हणायला उभं केलं, पहिल्याच शब्दाला जीभ अडली, आणि साहेबानं हातानंच रंगाच्या खोलीकडं जायची खूण केली. तिथंही ते फार दिवस टिकले नाहीत. नवे रंगवाले आले, नवे डबे आले. मामंजी नाटक कंपनीत गेले, तिथून तमाशाच्या फडात, आणि शेवटी पेटी घेऊन भिंगारला परत. मी आले तेव्हा ते गावोगावच्या जत्रेतल्या नाटकांना रंग लावायला जायचे. वर्षाला पाच-सहा कामं. बिदागी आणि वर एखादा नारळ.

मी लाजरी. लाजरी म्हणजे इतकी की पाणी भरायच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तरी माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. माझे मालक चिडायचे, म्हणायचे, "तोंड दिलंय ना देवानं?" मामंजी मात्र माझ्यावर कधी चिडले नाहीत. त्यांना माझं तोंड वाचता यायचं. चूल पेटत नसली, पोट दुखत असलं, माहेरची आठवण आलेली असली, तर ते बाजेवरून माझ्याकडं बघायचे आणि तेच माझ्या चेहऱ्यावरचं स्वतःच्या चेहऱ्यावर आणून दाखवायचे. मला हसू यायचं. चहा पाहिजे असला तर एक भुवई वर. साखर कमी झाली तर ओठाचा एक कोपरा खाली. माझी मुलगी तीन वर्षांची होती. तिला त्यांनी आवाज न करता रडायला शिकवलं होतं. नवरा मेल्याचं रडणं वेगळं, भूक लागल्याचं वेगळं. ती दोन्ही करून दाखवायची आणि मग खदखदून हसायची.

एकदा मी मिरच्या कुटत होते. मामंजींनी चिमूटभर तिखट डाव्या तळहातावर घेतलं. ते रंगही तसेच तळहातावर कालवायचे, त्यामुळं तो हात कायम पिवळट दिसायचा. म्हणाले, "पोरी, हे त्या वेळच्या फिल्मवर क-कोळशासारखं दिसलं असतं."

मला कळलं नाही. मग त्यांनी सावकाश समजावलं. त्या वेळची फिल्म तांबडं ओळखायची नाही. तांबडं सगळं काळं उमटायचं. ओठांना लाली लावली तर बाई काळ्या ओठांची दिसायची. म्हणून तोंडाला पिवळा रंग, ओठ पिवळसर फिकट, गालाचं हाड वर दाखवायचं तर तिथं निळसर बोट. आणि डोळे खोल दाखवायचे असले तर भोवती तांबडं. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर माणूस मसणातून उठून आल्यासारखं दिसायचं आणि पडद्यावर तेच देखणं. माझ्याशी बोलताना ते कमी अडखळायचे. मी बघत नसायची ना त्यांच्याकडं, खाली मान घालून काम करत असायची. म्हणून असेल.

आणखी एक त्यांची रीत होती. तोंड पुरं झाल्याशिवाय कुणाला आरसा द्यायचे नाहीत. म्हणायचे, अर्धं तोंड बघितलं की माणूस भितो आणि मग ती भीती वरच्या रंगानं झाकत नाही. आरसा पेटीत, फडक्यात गुंडाळलेला. सगळं झाल्यावर तो ते स्वतः धरायचे.

बाहात्तरच्या दुष्काळात त्यांची कामं बंद पडली. गावं पाण्याला महाग झालेली, नाटक कोण करणार? तरी माघ महिन्यात एक दिवस दारात जीप थांबली. पाथर्डीच्या वाटेवरच्या एका गावचे सोसायटीचे चेअरमन आले होते. पोट सुटलेलं, आवाज मोठा. मी आत गेले आणि दाराच्या फटीतून ऐकत राहिले.

"आजोबा, औंदा आपल्या जत्रंला नाटक हाय. राजा मी हाय. जरा तरणा करून द्या."

मामंजी हसले. चेअरमन पुढं म्हणाले, "आन औंदा शूटिंग हाय, आजोबा."

बाज करकरली. मामंजी उठून बसले होते. "श-शूटिंग?"

"व्हय. पुन्यावरनं कॅमेरावाला येतोय, दुष्काळी कामाचं चित्र घ्यायाला. म्या म्हनलं, जाता जाता आमचंबी घे. तिकीट लावलंय. आलेला पैसा समदा जनावरांच्या चाऱ्याला."

"फिल्म र-रंगीत?"

"कशाची रंगीत वो. साधी. काळी-पांढरी."

"उजेड?"

"नाटक दुपारचंच ठेवलंय, उन्हात. त्यो म्हनला रातचं काय दिसायचं न्हाई." चेअरमन बाजेजवळ सरकले. "आन हे बघा, मानसं काय, रोजच बघत्यात आमाला. शूटिंग नामी झालं पायजे. ह्या जिल्ह्यात सिनेमातला मानूस तुमीच एकले."

ते गेल्यावर मामंजींनी पेटी बाजेखालून काढली, उघडली आणि बराच वेळ नुसते बघत बसले. पुढचे दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्यांनी माझ्याकडून हळद वस्त्रगाळ करून घेतली, पिवडीची पिवळी माती खलून घेतली, खोबरेल गाळून घेतलं. निळीची पुडी आणायला लावली.

नाटकाच्या आदल्या संध्याकाळी मालक घरी आले तेव्हा मामंजींनी सांगितलं. मालक हातपाय धूत होते, मागं न वळता म्हणाले, "कामाला जा बाबा, न्हाई कुठं म्हनत. पन मला शिनिमाचं सांगू नका. तुमच्या शिनिमापायी माझी आई दुसऱ्याची धुनी धुऊन मेली."

मामंजींचा चेहरा मिटला. दुसऱ्या दिवशी पेटी उचलायला मालक गेले नाहीत, म्हणून मी गेले. मुलगी शेजारणीकडं ठेवली.

रंगाची खोली म्हणजे देवळामागची धर्मशाळा. मी पाण्याचा तांब्या आणि ओलं फडकं घेऊन भिंतीकडं तोंड करून उभी. मामंजींनी आधी पेटीला बोट लावलं, ते कपाळाला लावलं आणि तळहातावर रंग कालवायला घेतले. त्यांचा हात एरवी कापायचा. चहाची बशी त्यांच्या हातात वाजायची. त्या दिवशी मी फडकं देताना बघितलं, हात दगडासारखा स्थिर होता.

चेअरमनचं तोंड झालं, मग प्रधानाचं. प्रधान गावचा गिरणीवाला होता. तो म्हणाला, "चेअरमन, तुमी आढीतल्या आंब्यावानी दिसाया लागले की वो."

"तू तुझं बघ. डोळं आल्यावानी झालंय तुझं."

"आजोबा, ह्ये असंच असतंय व्हय?"

"क-कॅमेऱ्याला असंच लागतं," मामंजी म्हणाले. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला एक रुबाब होता. सिनेमातला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार? मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि मिरच्या कुटतानाचं सगळं आठवलं. पिवळी तोंडं, फिकट ओठ, निळसर गाल, डोळ्यांभोवती तांबडं. त्यांनी सांगितलं होतं तस्संच. मला वाटलं, पडद्यावर किती छान दिसतील.

आरसा धरायला वेळच मिळाला नाही. बाहेर घंटा झाली आणि चेअरमन मुकुट घालून धावत निघाले.

पडदा वर गेला. मग मागून एक बारका पोरगा मोठ्यानं रडायला लागला, आणि कुणीतरी ओरडलं, "आरं, राजाला कावीळ झालीया! उतारा द्या रं!"

मांडव कोसळावा तसं हसू आलं. चेअरमननी आवाज चढवला. त्यांचं भाषण प्रजेवरच्या संकटाचं होतं, रडवायचं होतं. ते जितक्या मोठ्यानं बोलत तितकी माणसं जास्त हसत. गिरणीवाला आला तसं, "ह्येचं मढं कुनी हालिवलं?" बायका पदर तोंडात घालून वाकल्या होत्या. मग कुणीतरी ढेकूळ मारलं. दुसरं मारलं. मुकुट पडला. त्यानंतर नाटक झालंच नाही.

मी धर्मशाळेच्या दारातून हे बघत होते. मामंजी माझ्या मागं उभे होते. त्यांना मांडवाकडं बघायचंच नव्हतं. ते जीपकडं बघत होते, तिथं तो कॅमेरावाला तिपायी लावून उभा होता. त्यानं डोळा लावला, काढला, हसला, परत लावला नाही. झाकण लावून टाकलं. थोड्या वेळानं तो आमच्याकडंच आला. तिशीचा असेल. म्हणाला, "हे रंगकाम कुणाचं?"

मामंजींनी पिवळा हात वर केला. त्यांनी आपल्या जुन्या सिनेमा कंपनीचं नाव सांगायचा प्रयत्न केला, ते तिसऱ्या वेळी निघालं. तो माणूस एकदम गंभीर झाला. त्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मग हळू म्हणाला, "काका, ती फिल्म केव्हाच गेली हो. चाळीस वर्षं झाली असतील. आता तांबडं काळं येत नाही. साधंच रंगवायचं होतं, रोज रंगवता तसं."

मामंजी म्हणाले, "प-पडद्यावर ओठ काळे दिसत नाहीत अजून. म्हणून मी… मला वाटलं पिवळेच लावत असतील."

त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मामंजी त्याच्यावर रागावू शकले असते.

बाहेर लोक तिकिटाचे पैसे परत मागत होते. तीन-चार गावची माणसं शूटिंग बघायला म्हणून आलेली, खडी फोडून मिळालेल्या पगारातून तिकीट काढलेली. टेबल उलथं झालं. चाऱ्यासाठी जमलेलं सगळं गेलं, वर मांडवाचं भाडं, राणीच्या कामाला पुण्याहून आणलेल्या बाईची बिदागी.

दिवस कलला तेव्हा आम्हाला चावडीत बसवलं. चेअरमनच्या कानामागं आणि मानेच्या वळ्यांत अजून पिवळं होतं. ते ओरडले नाहीत. मला ओरडण्याची भीती वाटत होती, पण ते रडवेले झाले होते.

"आजोबा, काय वो केलं ह्ये? चेष्टा केली का आमची?"

"त-त-तां…" मामंजींचा शब्द अडला. "तां-तां…"

कोपऱ्यातून एकानं तसंच केलं, "तां-तां-तां," आणि दोन-चार जण हसले.

"गप बसा रं भाडखाऊंनो," चेअरमन म्हणाले. मग मामंजींना, "माजं सोडा. माजं हसू झालं, हुंद्या. पन दावनीला जनावरं हायेत. चारा कुटनं आनू? तुमीच सांगा."

चेअरमननीच शूटिंगसाठी रंगवायला सांगितलं होतं, हे मला आठवत होतं. पण येताना मी वाटेत ती जनावरं बघितली होती. एका बैलाच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. पंचांनी आपसांत बोलून सांगितलं की निम्मं नुकसान गाव सोसेल, निम्मं रंगवाल्यानं द्यायचं. तीनशे रुपये. आणि ते फिटेपर्यंत पेटी चावडीत राहील.

एकानं पेटीला हात घातला तसे मामंजी पेटीवर पडले. म्हातारा माणूस, पांढरं धोतर, पेटीला मिठी मारून. बोलायला तोंड उघडत होते आणि आवाज निघत नव्हता. सगळे बघत होते. मला वाटलं आता हे इथंच जातील.

"मी फेडीन," कुणीतरी म्हणालं.

चेअरमननी इकडं तिकडं बघितलं. "कोन बोललं?"

मीच बोलले होते. माझा पदर पुढं ओढलेला होता. "दुष्काळी कामावर जाईन. दर पगाराला देईन. मामंजींनी बुडवलं असं कुणी म्हणू नका."

"रंगवाल्याची सून हाय," गिरणीवाला म्हणाला.

मी मामंजींना धरून उठवलं. ते पेटीवरून उठले, पण मागं बघत राहिले. बसमध्ये त्यांनी डावा तळहात मांडीवर उघडा ठेवला होता. रंग वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

घरी मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू बोललीस, तूच फेड. माझ्या पगारातला पैसा मिळायचा न्हाई."

मी कामावर लागले. नगरच्या बाहेर रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग. बाया डोक्यावर ओली फडकी घेऊन ओळीत बसायच्या. मिळेल ती मिलोची लाल ज्वारी, तिची भाकरी घशाला खरखरायची. दुपारी पोरांना वाटायची पिठाची गोड सुकडी मिळायची ती मी मुलीसाठी पदरात बांधून आणायची. पहिल्या महिन्यात हाताची सालं निघाली. मग अंगठा गेला, ते वर लिहिलंच आहे. पगार झाला की घराला लागेल तेवढं ठेवून उरलेलं मी रुमालात बांधायची. चेअरमन बँकेच्या कामाला नगरला यायचे. मी स्टँडवर चहाच्या टपरीच्या बाजूला उभी राहायची. ते मोजून घ्यायचे, बाकी किती ते तोंडी सांगायचे, आणि मी मान हलवायची. कधी पाच, कधी सात. पगार लांबला तर काहीच नाही, तरी मी जाऊन उभी राहायची, नाही एवढं सांगायला.

घरी आले की मामंजी भुवया उंचावायचे. किती? मी बोटं दाखवायची. आधी आधी ते मान डोलवायचे. मग एक दिवस भुवई वर गेली नाही. मी बोटं दाखवली तर त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

लोकांना वाटायचं ते आधीपासून मुकेच. पण आमच्या घरात ते किती बोलायचे ते मला माहीत होतं. ते सगळं बंद झालं. चहाला भुवई नाही. साखर नसली तरी ओठ हलला नाही. मुलगी त्यांच्यासमोर जाऊन खोटं खोटं रडायची, ते तिच्याकडं बघायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच यायचं नाही. भाकरी पुढं ठेवली तर दोन घास. बाजेखाली हात सोडून चाचपायचे. तिथं काही नसायचं. हात तसाच खाली लोंबत राहायचा.

त्या उन्हाळ्यात त्यांना ताप धरला. एका सकाळी माझा हात धरून म्हणाले, "प-पेटी. एकदा."

मी त्याच दिवशी कामावर खाडा करून बसनं त्या गावी गेले. चेअरमन सोसायटीच्या ओट्यावर होते. मी म्हणाले, "पेटी एक दिवस द्या. त्यांना बघायची आहे. उद्या परत आणून ठेवते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "वैनी, ती माजी असती तर आत्ता दिली असती. पंचांनी ठिवलीय. म्या काढून दिली तर उद्या गाव मला खाईल. फेडा, आन घिऊन जावा."

"ते राहत नाहीत तोवर."

"राहत्याल. म्हातारी मानसं चिवट असत्यात." असं म्हणून त्यांनी मला चहा सांगितला. मी चहा न पिता उठले. वाटभर मला रडायलाही आलं नाही. मला वाटत होतं, आपण नीट बोललो नाही. दुसरी कुणी बाई असती तर पाय धरले असते, गोंधळ घातला असता, पेटी घेऊनच आली असती. मला तीन वाक्यं आली आणि ती संपली.

मामंजींनी माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं आणि डोळे मिटले.

श्रावणात ते गेले. पहाटे मी चूल पेटवायला उठले तर हात बाजेखाली सोडलेला आणि गार. तोंड पिवळं पडलेलं, ओठ फिकट, डोळे खोल गेलेले. माझ्या मनात आलं, कॅमेऱ्याला असंच लागतं. आलं ते आलं.

दहावा झाल्यावर मालक म्हणाले, "आता कशापायी फेडतीस? मानूस गेला. पेटीत रंग तरी काय उरलं असत्याल."

मी म्हणाले, "ते चावडीत पेटीवर पडले तेव्हा तुम्ही नव्हता."

एवढंच. पाऊस झाला, दुष्काळी काम बंद पडलं. मी खुरपायला जायला लागले, कांद्याच्या काढणीला गेले, छावणीतल्या दोन घरची धुणी धरली. सासूबाईंनी केलं तेच. महिन्याला कधी चार रुपये सुटायचे, कधी दोन. चेअरमनही स्टँडवर कमी यायला लागले. एकदा म्हणाले, "वैनी, आजोबा गेल्याचं कळलं. वाईट झालं." आणि पैसे मोजून घेतले. निम्म्याच्या वर बाकी होती. मला रात्री झोप लागायची नाही. वाटायचं, आपणही म्हातारे होऊ आणि पेटी तिथंच राहील.

मामंजींचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी पाहुणे जेवून गेले आणि मुलगी ओसरीवर एकटीच बसून तोंड करत होती. आवाज नाही, अंग हलत नाही, नुसता चेहरा रडत होता. मालक पान लावत होते. त्यांचा हात थांबला.

"काय गं, काय झालं तुला?"

"काय न्हाई. ह्ये नवरा मेल्याचं रडनं हाय," ती म्हणाली. "आता भुकेचं करून दाखवू?"

"कुनी शिकिवलं?"

"आजोबांनी."

तिनं भुकेचं करून दाखवलं. मालक बघत राहिले. मग उठून बाहेर गेले आणि अंधार पडल्यावर आले. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या डब्याखाली मला पैसे सापडले. मी ते रुमालात बांधले. पुढच्या महिन्यातही सापडले. दिवाळीला त्यांनी स्वतःला सदरा शिवला नाही. त्यांच्या पगाराचे पैसे यायला लागले तसं ते देणं दिसामासी उतरायला लागलं.

शेवटचे पैसे स्टँडवर द्यायचे नाहीत, चावडीत द्यायचे असं मालक म्हणाले. आम्ही दोघं त्या गावी गेलो. शेतात ज्वारी उभी होती. चावडीत तेच पंच बसले होते, गिरणीवालाही होता. चेअरमननी पेटी मागवली. तिच्यावर पोती रचलेली होती, ती काढली. मालकांनी खाली बसून कडी काढली.

आत काही नव्हतं. पिवडीची डबी रिकामी, सफेद्याची रिकामी, निळीचा कागद फाटलेला. कुंचल्यांचे केस राठ झालेले. तळाला सगळे रंग एकात एक सांडून मातीसारखा एक थर.

गिरणीवाला खाली बघून म्हणाला, "पोरांनी शिमग्याला काढलं हुतं. त्याच साली. आमाला मागनं कळलं."

त्याच साली. म्हणजे मी पेटी मागायला गेले तेव्हाही ती रिकामीच होती. मी खांबाला धरलं. म्हणजे आणली असती तरी मामंजींनी उघडून हेच बघितलं असतं.

"आरसा?" मी विचारलं.

चेअरमन उठले, घरी गेले आणि आरसा घेऊन आले. फडकं नव्हतं. कडेला साबणाचा पांढरा डाग होता. "दाढीला घेतला हुता," ते म्हणाले. त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की कुणालाही वाचता आलं असतं. मी आरसा पदरानं पुसला आणि पालथा धरला.

मालकांनी नोटा काढल्या. चेअरमननी त्यांचा हात धरला. "आसूं द्या. रंग गेला तुमचा. ह्ये ऱ्हायलेलं सोडून दिलं. पंच बी न्हाई म्हनायचं न्हाईत."

पंचांनी माना हलवल्या. मला वाटलं मालक नोटा परत घेतील. त्यांना एकेक रुपया महाग होता, मेसमधली भांडी घासून हात सोललेले. पण त्यांनी चेअरमनचा हात बाजूला केला.

"पुरं घ्या," ते म्हणाले. "माझ्या बापाचं देनं हाय."

त्यांनी नोटा आणि सुटे सतरंजीवर एक एक करून मांडले. चेअरमननी मोजले, पंचांपुढं सरकवले, पंचांनी परत मोजले. मग चेअरमन उभे राहिले आणि मामंजी जिथं पेटीवर पडले होते त्या जागेकडं बघून, नाटकात बोलले होते तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "रंगवाल्याचं तीनशे रुपये. समदं फिटलं."